डिकेटरजवळचं वेण्यांचं सलॉन: ब्लॅक मुलीच्या मराठी आईचा रिव्ह्यू

अटलांटा भागात राहणाऱ्या आणि घरात ब्लॅक मूल दत्तक आलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. संख्या फार नाही आपली पण आहोत, आणि कोणी नवीन आई भेटली की दहा मिनिटांत विषय केसांवर येतोच. सलॉनचं नाव मुद्दाम टाकत नाही, लेक तिथे नेहमी जाते आणि तिची माहिती इंटरनेटवर जेवढी कमी तेवढी बरी. जागा साधारण सांगते, डिकेटरच्या पटेल प्लाझाला आपण सगळेच किराण्याला जातो, तिथून स्टोन माउंटनच्या दिशेने गाडीने थोडं पुढे, एक छोटा स्ट्रिप मॉल, शेजारी लाँड्री आणि एक इथिओपियन किराणा दुकान. त्या पट्ट्यात ब्रेडिंगची दुकानं बरीच आहेत, त्यामुळे नेमकं हेच नाही सापडलं तरी खाली लिहिलेलं तुम्हाला दुसरीकडे पण उपयोगी पडेल.

निकाल आधीच सांगते, नक्की जा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मालकीण सेनेगलच्या आहेत. अमेरिकेतली आफ्रिकन ब्रेडिंगची दुकानं बघितलीत तर पुष्कळशी सेनेगल, माली, गिनी अशा पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या बायकांनी उभी केलेली दिसतील, लहानपणीच आईच्या नाहीतर मावशीच्या शेजारी बसून त्यांचा हात बसलेला असतो आणि तो वेग बघण्यासारखा असतो खरंच. दुकानात फ्रेंच आणि वोलोफ ऐकू येतं, टीव्ही चालू असतो, कोणाचं तरी बाळ कोणाच्या तरी मांडीवर असतं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी एक मोठ्या बाई काम करतात, साठीच्या पुढच्या, जन्म जॉर्जियातला, आजी पणजी सगळ्या इथल्याच. लेक त्यांना इथल्या रीतीप्रमाणे मिस लावून नावाने हाक मारते.

या दोघींबद्दल वेगवेगळं लिहिलं त्याला कारण आहे. आपल्याकडे ब्लॅक म्हटलं की सरसकट आफ्रिकन असं धरून चालतात, मंडळाच्या कार्यक्रमात मला कितीदा तरी विचारलंय की आफ्रिकेत कुठल्या देशातून आणली. अहो ती इथली आहे, तिच्या जन्मदात्या घरची माणसं पिढ्यानपिढ्या याच दक्षिणेत राहिलेली आहेत, आपण सगळे इथे आलो त्याच्या कितीतरी आधीपासून. (याहून जास्त त्या घराबद्दल मी लिहिणार नाही, ती गोष्ट लेकीची आहे, मोठी झाल्यावर कोणाला किती सांगायची ते तिचं ती ठरवेल.) सेनेगलच्या ताईंच्या हातात जादू आहे पण लेक ओढली जाते ती त्या मोठ्या बाईंकडे, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं.

आता केसांबद्दल, कारण शेवटी रिव्ह्यू सलॉनचा आहे. सरळ केसांत डोक्याचं नैसर्गिक तेल हळूहळू टोकापर्यंत उतरतं. घट्ट गुंडाळ्या असलेल्या केसांत, ज्याला इथे ४सी म्हणतात, ते प्रत्येक वळणावर अडतं म्हणून मुळाशी केस ठीक दिसतात आणि टोकं कोरडी राहतात, कोरडी राहिली की तुटतात, आणि मग लोक म्हणतात हिचे केस वाढतच नाहीत. वाढत असतात हो, ओले केस ताणून बघा म्हणजे खरी लांबी कळेल. रोज शाम्पू अजिबात नको, आठवड्याने किंवा दहा दिवसांनी पुरे. गुंता काढायचा तो केस ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे, आणि डोक्याचे चार-सहा भाग पाडून एकेक भाग घ्यायचा. आपली बारीक फणी लांब ठेवा. रात्री झोपताना सॅटिनची टोपी किंवा सॅटिनचा अभ्रा, कारण सुती कापड केसांतला ओलावा शोषून घेतं आणि घासून केस तोडतं.

तेलाचा प्रश्न सगळ्या मराठी घरांत येणार म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. सासूबाई सांगलीहून आल्या की खोबरेल तेलाची बाटली आधी बाहेर येते आणि नात समोर बसते, त्यांच्या दृष्टीने प्रेम असंच करतात आणि ते मला मोडायचं नव्हतं. सलॉनमध्ये मी हे बोलले तर ताईंनी तेल बंद करा वगैरे काही म्हटलं नाही, त्यांनी फक्त क्रम सांगितला. कोरड्या केसांवर नुसतं तेल चोपडून ओलावा येत नाही, आधी पाण्याचा फवारा, मग लीव्ह-इन क्रीम (लावून न धुता तसंच ठेवायचं), आणि मग वरून तेल किंवा शिया बटर, म्हणजे आतलं पाणी आत राहतं. पुढच्या वेळी सासूबाईंनाच बरोबर घेऊन गेलो. भाषा एकमेकींची येत नाही तरी दोघींनी मिळून अर्धं डोकं केलं, एकीने भांग पाडायचा आणि दुसरीने तेल लावायचं. सासूबाई परत निघताना म्हणाल्या, त्या बाईंच्या हाताला ओढ नाही गं, पोरीला दुखत नाही. त्यांच्याकडून ही मोठी पावती आहे.

आमच्या घराजवळ एक चकचकीत सलॉन आहे, तिथेही आम्ही आधी विचारायला गेलो होतो. तिथल्या बाईंनी केसांना हातही न लावता सांगितलं की रिलॅक्सर लावून सरळ करून टाका, सगळ्यांनाच सोपं पडेल. एवढ्याशा मुलीला! २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मोठ्या अभ्यासात केस सरळ करणारी केमिकल्स वारंवार वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं होतं, आणि अशी उत्पादनं वापरणाऱ्यांत ब्लॅक बायका जास्त आहेत हेही त्यात आलं होतं. पण कॅन्सरचा विषय बाजूला ठेवला तरी, आरशासमोर बसलेल्या मुलीच्या देखत तिचे केस हा सोडवायचा प्रॉब्लेम आहे असं बोलणं मला सहन झालं नाही, आम्ही तिथून उठलो. इथे डिकेटरला पहिल्याच वेळी मोठ्या बाईंनी तिच्या केसांत बोटं घातली आणि तिलाच विचारलं, तुला कसे आवडतील, पुढे मणी हवेत का, कुठल्या रंगाचे. माझ्याकडे त्यांनी बघितलं पण नाही. बरोबर केलं.

आणि आता जे लिहायचं होतं ते. मी आणि माझा नवरा दोघं सावळे आहोत, आमच्या घरात रंगावरून कधी कोणी बोललेलं नाही, सासूबाईंनी तर तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा माझा विठोबा म्हणाल्या आणि ते अगदी मनापासून होतं. पण अमेरिकेत ब्लॅक असण्यात रंग हा एक छोटा भाग आहे. त्याच्यामागे अडीचशे वर्षांची गुलामगिरी आहे, मग सेग्रिगेशन आहे, शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, आणि आजही दुकानात मागे मागे फिरणारा गार्ड आहे. हे आमच्या दोघांच्या अंगावर कधी आलेलं नाही, आमच्याकडे संशयाने बघितलं गेलं ते परदेशी म्हणून, आमचा ॲक्सेंट ऐकून. तिचं जगणं वेगळं असणार आहे आणि त्याबद्दल तिला सांगू शकतील अशी माणसं आमच्या घरात नाहीत, आमच्या मित्रांत पण फारशी नव्हती. अल्फारेटा-जॉन्स क्रीक या उपनगरांकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी प्रामाणिकपणे बघावं, घरी जेवायला येणाऱ्यांत ब्लॅक कुटुंबं किती आहेत.

दत्तकाच्या बाबतीत हा वाद अमेरिकेत जुना आहे. १९७२ साली ब्लॅक सोशल वर्कर्सच्या राष्ट्रीय संघटनेने ब्लॅक मुलं गोऱ्या घरांत देण्याला उघड विरोध केला होता, त्यांचं म्हणणं होतं की अशा घरात मुलाला वंशभेदाला तोंड द्यायचं शिक्षण मिळत नाही. पुढे १९९४ आणि १९९६ च्या फेडरल कायद्यांनी नियम उलट बाजूने पक्का केला, सरकारी पैसा घेणाऱ्या एजन्सीला वंशाच्या कारणाने मूल द्यायला नाही म्हणता येत नाही की उशीर लावता येत नाही. १९९४ च्या कायद्यात मुलांच्याच समाजातून पालक शोधायची जबाबदारी पण घातलेली आहे. मला व्यक्तिशः कायद्याने दार उघडं ठेवलं याचा आनंद आहे, नाहीतर लेक आमच्या घरी आलीच नसती. पण १९७२ च्या त्या बायका-माणसांचं बोलणं मला जितकं मुलीबरोबर दिवस जातात तितकं जास्त पटत जातं. आम्ही गोरे नाही म्हणून आम्हाला ते लागू नाही असं म्हणणारे देशी पालक मला भेटलेत. लागू आहे, पूर्ण लागू आहे.

सलॉनमध्ये बसून मी काय काय ऐकलं ते दत्तकाच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. शाळेतून चिठ्ठी आली होती की मुलगी उलट बोलते, ॲटिट्यूड आहे. मी घरी तिलाच समजावत बसले असते. मोठ्या बाईंनी वेणी घालता घालता विचारलं की शेजारच्या गोऱ्या मुलीने तेच केलं असतं तर चिठ्ठी आली असती का, आणि पुढच्या वेळी टीचरला नेमकं काय घडलं ते लिहून मागा, नुसता शब्द चालवून घेऊ नका. मी मागितलं, आणि लिहून आलं तेव्हा त्यात काहीच नव्हतं. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात हेच आहे, पाच वर्षांपासूनच्या ब्लॅक मुली मोठ्यांना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा मोठ्या आणि कमी निरागस वाटतात. त्या बाईंनी तो अभ्यास वाचलेला नसेल, त्यांना तीन मुली आणि नाती आहेत.

वेटिंगच्या जागी एका टोपलीत बाहुल्या ठेवलेल्या असतात, सगळ्या ब्लॅक, काहींच्या डोक्यावर कोणीतरी हाताने घातलेल्या छोट्या वेण्या. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्याने ब्लॅक मुलांपुढे गोरी आणि काळी अशा बाहुल्या ठेवून विचारलं होतं की यातली चांगली कुठली, आणि बऱ्याच मुलांनी गोरीकडे बोट दाखवलं, पुढे शाळांतलं सेग्रिगेशन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात त्या कामाचा आधार घेतला गेला. आपल्या मुलांपुढे कोणी तसल्या बाहुल्या ठेवल्या तर काय होईल याचा विचार मी बऱ्याचदा करते. आमच्या घरी भारतातून येणाऱ्या भेटींमध्ये बाहुली गोरीच असते, अजूनही. मी आता स्पष्ट सांगते, आणायची असेल तर काळी आणा, नाहीतर पुस्तक आणा.

गणपतीच्या वेळचं सांगितलंच पाहिजे. लेकीला परकर-पोलकं आणि गजरा हवा होता, मंडळातल्या बाकी मुलींसारखा, आणि मला धास्ती होती की गजरा माळायला केस सरळच करावे लागतील असं कोणीतरी बोलणार. मी फोनवर गजऱ्याचे फोटो घेऊन गेले. ताईंनी आणि मोठ्या बाईंनी दहा मिनिटं त्यावर चर्चा केली, मग पुढून कॉर्नरोज, म्हणजे डोक्यालगत ओळीने घातलेल्या बारीक वेण्या, आणि मागे त्यांचाच अंबाडा, अंबाड्याभोवती गजरा बसेल एवढी खाच ठेवून, आणि पिना न टोचता वेणीच्या आतूनच दोरा ओवायचा. पटेल प्लाझातून मोगऱ्याचा गजरा आणून मी एक त्यांना पण दिला, मोठ्या बाईंनी तो दिवसभर डोक्यात ठेवला. मंडळात त्या दिवशी आरतीला लेक पुढे उभी होती आणि दोन काकू येऊन विचारून गेल्या की हे कुठे केलंत, त्यांच्या नातीला हवंय. कौतुक म्हणून ठीक पण मी त्यांना हे पण सांगितलं की या वेण्यांवरून ब्लॅक मुलांना शाळेतून घरी पाठवलेलं आहे, नोकऱ्या नाकारल्या आहेत, म्हणून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध कायदा केला आणि मग इतर राज्यं त्या वाटेने गेली. हे माहीत नसताना नुसती फॅशन म्हणून उचलू नये असं मला वाटतं.

लेकीचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, इतिहासाचे मास्तर होते. त्यांनी तिला मलिक अंबरची गोष्ट सांगितली, इथिओपियात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला, गनिमी काव्याने मोगलांना दमवलं आणि १६१० च्या सुमारास खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथे पाण्याची नहर बांधली. शहाजीराजांच्या घराण्यातली माणसं त्याच्या बाजूने लढली आहेत. लेकीने ही गोष्ट सलॉनमध्ये सगळ्यांना इंग्रजीत सांगितली आणि दुकान थांबलं, शेजारच्या दुकानातल्या इथिओपियन काकांना बोलवून आणलं, तिला पुन्हा सांगायला लावली. तेव्हा मी पण सांगितलं की १८७३ मध्ये जोतिबा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना सोडवायला झटणाऱ्या लोकांना अर्पण केलंय. मोठ्या बाईंनी विचारलं, पुण्यात बसून त्याला आमच्याबद्दल कसं कळलं, आणि मग आमचं जातीवर बोलणं झालं, खरं बोलणं, एरवी मी ऑफिसात असल्या विषयावर तोंड उघडत नाही. मलिक अंबर लेकीचा पूर्वज नाही, हे मी तिला स्वच्छ सांगितलंय. तिची स्वतःची माणसं, तिचा स्वतःचा इतिहास इथे जॉर्जियात आहे आणि तो तिला त्या खुर्चीत बसून कळतोय. पण तिच्या मराठी असण्यात सुद्धा काळ्या माणसाचं मोठं नाव आहे हे तिला माहीत असावं, आणि आपल्या बाकीच्या पोरांना तर असावंच.

आता अर्धा स्टार कापल्याचं. वेळ पाळत नाहीत. दहाची अपॉइंटमेंट म्हणजे अकरा, कधी साडेअकरा, आणि लहान मूल घेऊन थांबणं सोपं नाही. डिपॉझिट परत मिळत नाही, तुम्ही आजारी पडलात तरी. आणि एकदा नव्या मुलीने पुढच्या वेण्या फार घट्ट ओढल्या होत्या, कपाळाच्या कडेला पुरळासारखे बारीक फोड आले. हे हलकं घेऊ नका, सतत ओढ बसली तर कडेचे केस कायमचे जातात, त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात आणि लहान मुलींना होतो. दुसऱ्या दिवशी फोटो दाखवला तर मालकीणबाईंनी लगेच बोलवून सगळ्या वेण्या स्वतः सोडल्या, परत घातल्या, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी आधीच सांगते की सैल हव्यात, चार दिवस कमी टिकल्या तरी चालतील, आणि लेकीलाही शिकवलंय की दुखलं तर तिथल्या तिथे बोलायचं.

पैशांचं म्हणाल तर लहान मुलींच्या साध्या कॉर्नरोजना ६० ते ८० डॉलर, मणी धरून. बॉक्स ब्रेड्सना, म्हणजे चौकोनी भाग पाडून घातलेल्या सुट्या वेण्यांना, जास्त, आणि लहान वयात वरून जोडायचे खोटे केस घेऊ नका, वजन येतं आणि काहींना डोक्याला खाज सुटते, इथल्या बायका पण तेच सांगतात. टिप रोख द्या, भरपूर द्या, तीन तास उभं राहून काम असतं ते. केस घरून धुऊन, गुंता काढून, वाळवून आणा, नाहीतर त्याचे वेगळे पैसे पडतात. वेण्या दोन-तीन आठवडे ठेवा, लहान मुलांच्या त्याहून जास्त नको, सोडल्यावर थोडे दिवस केसांना मोकळं राहू द्या.

आणि आई-बाबांसाठी, तिथे बसल्यावर लॅपटॉप उघडू नका, मुलाच्या वतीने उत्तरं देऊ नका. ही तुमची खरी मुलगी का असं कोणी विचारलं तर हो एवढंच म्हणा, बाकी मूल सांगेल सांगायचं तर. बोलणं कधी कधी टोचणारं असतं, तुमच्याकडे कशी आली, आमच्यातलं कोणी मिळालं नाही का, हे मला थेट विचारलं गेलंय. ऐकून घ्या, त्या प्रश्नामागे त्यांच्या समाजातली मुलं घरांतून काढून नेल्याचा खरा अनुभव आहे.

डब्यात पोळीभाजीचा रोल द्या, मुलांना भूक लागते आणि वेण्या चालू असताना मान न हलवता तेवढंच खाता येतं. मंगळवार-बुधवार सकाळी गर्दी कमी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र अजिबात जाऊ नका, ऑगस्टच्या सुरुवातीला इथल्या शाळा उघडतात आणि त्या आठवड्याच्या अपॉइंटमेंट्स जूनमध्येच संपलेल्या असतात, तेव्हा हवी असेल तर मे महिन्यातच फोन करून ठेवा.